अकरा मिनिटं आणि एक चिलट

१

"वायरी, वायरी, वायरी! एक दिवस पाय अडकून मी आडवा होणार, आणि मग साक्षीदारांचा पुकारा काय ह्या यंत्राचा बाप करणार?"

बोलणं भिंतीला उद्देशून होतं. पण ते उतारेबाईंच्या मानेमागे हातभर अंतरावर चाललं होतं, त्यामुळे भिंतीच्या आधी त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"काय झालं, पुकारेकाका?"

"काही नाही. सोमवारी आपटता आपटता वाचलो, पाण्याचा भरलेला ग्लास हातात. थेंब सांडू दिला नाही. ते मात्र कुणी बघितलं नाही." बोलता बोलता काकांनी बाईंच्या टेबलावरच्या फायलींच्या कडा जुळवल्या, तिरकं पेन सरळ केलं आणि अर्धवट उघडा ड्रॉवर ढकलून बंद केला. त्यात बाईंचं बोट होतं, ही गोष्ट वेगळी.

"आई गं!"

"अर्धवट काही दिसलं की मला राहवत नाही बघा," म्हणत काका पुढच्या टेबलाकडे गेले.

कोर्टात जे बोललं जाई ते यंत्र टिपून घेई, दर माईकचा आवाज वेगवेगळा, आणि यंत्राने टिपलेलं उतारेबाई कागदावर उतरवत. कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. आयुष्याची सोळा वर्षं शिवणयंत्र चालवलेल्या बाईला पायाचं काम नव्याने शिकावं लागलं नाही, बाकीचं दादाने शिकवलं. दादा म्हणजे त्यांचा सख्खा मोठा भाऊ, तीन नंबरच्या कोर्टातला रेकॉर्डिस्ट. माईक किती, मिक्सर म्हणजे काय (स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा), सगळं त्याने त्यांना चहाच्या कपाबश्या मांडून समजावलं होतं. "मिक्सरच्या पाठीला दर माईकचं एक भोक असतं. त्यात पिन पहिल्या 'टक'पर्यंत सरकवलीस तर आवाज दोन्हीकडे जातो, यंत्रातही आणि पिनेतही. दुसऱ्या 'टक'पर्यंत दाबलीस तर सगळा पिनेतच. यंत्र उपाशी. कळलं?" बाईंना कळलं होतं. फक्त त्याचा उपयोग काय, ते कळलं नव्हतं.

त्या बुधवारी सकाळी त्यांच्यापुढे लिफ्टचा खटला होता. सात मजली इमारतीची लिफ्ट कोसळून एका भाडेकरूचे दोन्ही पाय मोडले होते, आणि ठपका आला लिफ्टच्या मिस्त्रीवर. काम अर्धं टाकून गेला, 'बंद आहे' अशी पाटीदेखील लावली नाही. मिस्त्री गळा काढून सांगत होता, पाटी लावली होती, नंतर कुणीतरी काढली. हे पाहणारं माणूस जगात एकच होतं. लिफ्टच्या समोर टेबल मांडून लोकांचे कपडे इस्त्री करणारी आजी.

आजीच्या घशाला दुखणं जडलं होतं. मंगळवारी ऑपरेशन, त्यानंतर आवाज परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. लिहिता तिला येत नव्हतं. म्हणून सोमवारी घाईघाईने तिची साक्ष घेतली. राहिला होता तेवढा श्वासाएवढा आवाज तिने कोर्टाला देऊन टाकला आणि दवाखान्यात दाखल झाली.

बाईंनी पेडल दाबलं. सुरुवातीची पाच-सहा मिनिटं आजी पुटपुटत होती. मग मिस्त्रीच्या वकिलाचा खणखणीत प्रश्न आला. "पाटी कुणी काढली, तुम्ही बघितलं?"

आणि त्यानंतर काहीच नाही.

पुढचा प्रश्न. काहीच नाही. आणखी एक प्रश्न. मॅडमच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या, माईकवर कुठलंसं चिलट तेवढं गुणगुणत होतं. बाईंनी वैतागून तो आवाज बारीक केला आणि साक्षीदाराचा पार वर चढवला. विहिरीत कान घालावा तशी शांतता. तब्बल अकरा मिनिटांनी कुणाचा तरी पाय घसपटला आणि आजी परत उमटली. "देव भलं करो तुमचं. पाणी गार आहे. बास, मी एवढंच बघितलं."

बाई हेडफोन काढून बसून राहिल्या. मग नियमाप्रमाणे त्यांनी अधीक्षकांना कळवलं, आणि कळवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या मानेवर सुरी ठेवली आहे.

"तीन माईक शाबूत आणि एकच गायब," अधीक्षक म्हणाले. "यंत्र बिघडलं असतं तर सगळंच गेलं असतं. हे कुणीतरी मुद्दाम पुसलंय. यंत्रावर तुमचा भाऊ होता. शुक्रवारी अकरा वाजता मॅडमपुढे अहवाल ठेवतोय. तोवर खुलासा आला नाही तर नोकरी जाईल, आणि पुढचं पोलीस बघतील."

बाई जिना धावत उतरल्या. दादा मिक्सरवर कापड टाकत होता, एखाद्या आजारी माणसाला पांघरूण घालावं तसं.

"दादा, काय झालं सोमवारी?"

दादाने कापडाची सुरकुती नीट केली. एका सकाळीत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता.

"मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

२

काही सांगायचं नाही, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. बहिणीला एवढं समजतंच.

बाईंनी पहिला मोर्चा वळवला बेंच क्लार्ककडे. मॅडमच्या पायाशी बसून कागदपत्रं सांभाळणाऱ्या ह्या बाईला सगळे मागून 'पट्टी' म्हणत, कारण पट्टी लावल्याशिवाय ती स्वतःच्या सहीखालीसुद्धा रेघ मारत नसे. यंत्र येण्याआधी साक्षी तीच लघुलिपीत टिपून घ्यायची, आणि यंत्राचं नाव काढलं की अजून तिचे ओठ घट्ट मिटत. शिवाय रेकॉर्डिंगच्या कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे. संशय घ्यायला एवढं पुष्कळ झालं.

"या," पट्टी म्हणाली. "भावासाठी आलात. विचारा, मीच पुसलं का म्हणून."

"तुम्हीच पुसलंत का?"

पट्टीला हा सरळपणा आवडला असावा. तिने कपाट दाखवलं. "सोमवारी पाच वाजता कपाट बंद झालं. कागदी सील लावलं, त्यावर माझी सही. आज सकाळी तुम्हीच फोडलंत, माझ्यासमोर. मधे हात लागला असता तर माझी रेघ तुटली असती. माझी रेघ तुटत नाही."

ते खरं होतं. बाईंनीच सील फोडलं होतं. म्हणजे सोमवार ते बुधवार कुणी काही पुसलं नव्हतं. ती अकरा मिनिटं मुळात उमटलीच नव्हती, भर कोर्टात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"आणि कोर्टात असताना तुम्ही काय करत होतात?"

"रोजचंच. वकिलांचे प्रश्न मॅडमसाठी परत वाचत होते."

"परत का वाचता?"

पट्टी कागदावर अर्ध्यात थांबली. "मॅडमना जरा... स्पष्ट लागतं सगळं," ती म्हणाली आणि एकदम खूप कामात गेली.

दुसरा संशयित बाहेरच्या बाकावर पाय पसरून बसला होता. इमारतीच्या व्यवस्थापकाचा वकील, सोनेरी चष्मा, बुटांना आरशासारखी चकाकी. साक्ष गायब झाल्याने कुणाचं भलं झालं असेल तर ह्याच्या पक्षकाराचं.

"सोमवारी तुम्ही रेकॉर्डिंगच्या टेबलाशी घुटमळत होतात म्हणे," बाईंनी विचारलं.

"घुटमळत? बाई, अर्ज द्यायला उभा होतो. तिथे मी एकटाच नव्हतो, ते तुमचे पुकारेकाका सारखे ये-जा करून खुर्च्या सरळ करत होते." वकील हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू? ती आजी काय बोलली ते मला आजही माहीत नाही. तिचा आवाज माझ्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. तक्रार करणार होतो. पण वर मॅडम माना हलवत भराभर लिहून घेत होत्या. ज्यांना ऐकू जायला हवं त्यांना जातंय, म्हटल्यावर मी कोण? आणि त्या अवस्थेतल्या बाईला उलटे प्रश्न विचारून बदनाम कोण होणार? सोडून दिलं."

"मॅडमना ऐकू गेलं?"

"शब्दन् शब्द. एरवी मी त्यांच्यापुढे किती ओरडून बोलतो, माहितीये ना? त्यांना तसं... बरं पडतं." त्याने चष्मा काढून विनाकारण पुसला.

कोर्टातून मॅडम बाहेर येत होत्या. बाई अदबीने बाजूला झाल्या. वर्षानुवर्षं घट्ट अंबाडा बांधणाऱ्या मॅडमनी दोन महिन्यांपासून केस मोकळे सोडायला सुरुवात केली होती, कानांवरून, खांद्यापर्यंत. ह्या वयात हौस आली, म्हणून बाईंना तेव्हा मनातून बरंच वाटलं होतं.

"नमस्कार मॅडम," बाई म्हणाल्या.

मॅडम हसून पुढे गेल्या. "हो, उकाडा आहे खरा."

पुकारेकाका फरशीकडे बघत होते. पट्टी फायलीकडे. उतारेबाईंना काहीतरी खटकलं, पण ते काय, हे त्यांना अजून धरता येईना.

३

संध्याकाळी त्या भावाच्या घरी गेल्या. दादा गॅलरीत झाडांना पाणी घालत होता. तीच कुंडी तिसऱ्यांदा. खाली मातीतून ओघळ वाहायला लागले होते.

वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. "या वन्सं. तुमच्या भावाने तोंडाला कुलूप लावलंय आणि किल्ली गिळलीय. मला म्हणतात, तू काळजी करू नकोस. मी काय करू मग, नाचू?"

"तुम्हाला काही बोलला नाही?"

"बोलले. मीठ कमी आहे म्हणाले. नव्हतं." वहिनींनी मांडीवरचा शर्ट उलटा केला. बोलताना त्यांचा आवाज किंचित थरथरला आणि त्यांनी तो दोऱ्याबरोबर दातांनी तोडला. "बत्तीस वर्षांत ह्या माणसाने दुसऱ्याची टाचणी उचलली नाही. आणि आता चोर म्हणून घरी बसणार. लोक दारावरून जाताना मान वळवतील. मला एवढंच सांगा, त्यांनी केलंय का हे?"

"नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही. शोधतेय." बाईंनी शिवणाऱ्या बाईच्या नजरेने शर्टाकडे बघितलं. "हे काय रफू करताय?"

"खिसा. डावा. ह्यांच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या खिशाला कोपऱ्यात बरोबर तेवढंच भोक. दोन महिने झाले, मी नुसती खिसेच शिवतेय. परवा धुताना काय निघालं बघा." त्यांनी खिडकीतल्या डबीतून एक चकचकीत टोपण काढलं. हेडफोनच्या पिनेवर बसतं तसलं.

बाईंनी ते तळहातावर घेतलं. रेकॉर्डिस्टचा पहिला नियम दादानेच त्यांना शिकवला होता. जोवर कोर्ट चालू आहे तोवर हेडफोन कानावर, आणि पिन यंत्रात. यंत्र काय टिपतंय ते ऐकणं, हीच ती नोकरी.

आणि दादाची पिन दोन महिने खिशात होती. डोक्यावर हेडफोन, वायर छातीवरून खाली, आणि टोक शर्टात. दोन महिने हा माणूस काहीच ऐकत नव्हता.

मग यंत्रातल्या त्या भोकात दुसरं काय खुपसलेलं होतं?

४

गुरुवारी सकाळी साडेआठला बाई पेडलवर पाय ठेवून बसल्या. ह्या वेळी टाइप करायला नाही, नुसतं ऐकायला.

सगळा सोमवार त्यांनी मॅडमच्या बाजूने ऐकला आणि कागदावर रेघा ओढत गेल्या. मॅडम "पुन्हा सांगा" म्हणाल्या की एक रेघ. रोज चाळीसेकदा तेच दोन शब्द टाइप करून बाईंच्या बोटांना ते पाठ झाले होते. सकाळच्या पहिल्या खटल्यात नऊ रेघा. दुसऱ्यात चौदा. आजीच्या साक्षीच्या पहिल्या पाच मिनिटांतच सात.

त्यानंतर बारीकसा 'टक' असा आवाज आला, आणि रेघा संपल्या.

एकही नाही. कोर्टात कुणालाच ऐकू येत नव्हता असा आवाज, आणि दर वाक्याला "पुन्हा सांगा" म्हणणाऱ्या मॅडम एकदाही पुन्हा विचारत नाहीत?

बाईंनी परत मागे नेलं. पहिला 'टक'. त्यानंतर दीड मिनिट आजी ऐकू येत होती, इस्त्रीचं टेबल कुठे असतं ते सांगत होती. मग दुसरा 'टक', आणि आजी गायब. अकरा मिनिटांनी पाय घसपटल्याचा आवाज, तिसरा 'टक', आजी हजर.

पहिल्या 'टक'पर्यंत आवाज दोन्हीकडे. दुसऱ्या 'टक'पर्यंत दाबलीस तर यंत्र उपाशी. चहाच्या कपाबश्या डोळ्यांपुढे आल्या.

म्हणजे आजीचा आवाज हरवला नव्हता. तो एका पिनेतून भलतीकडे गेला होता. कुठे? जिथे कुणाला तो हवा होता तिथे. केसांखाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. अंबाडा. उकाडा. "मॅडमना स्पष्ट लागतं." अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, आणि कुणीही ते कधी वाक्यात बसवलं नव्हतं. खुद्द उतारेबाईंनीसुद्धा नाही. "पुन्हा सांगा" हे चाळीस वेळा टाइप करून त्यांनी कधी त्याचा अर्थ विचारला नव्हता.

पण नुसतं कळून उपयोग काय? आजीचे शब्द तर कानात जाऊन विरले, आणि मॅडमनी लिहिलेलं टिपण स्वतःपुरतं; पुरावा धरायचा तो यंत्रातलाच, असा नियम.

त्यांनी दमून पेडल सोडलं, मग परत दाबलं. चिलट गुणगुणलं. मॅडमच्या माईकवर, बारीक, चिवट. बाकीचे माईक हट्टी होते, समोर हातभर अंतरावर बोललं तरच उघडायचे. मॅडमचा मात्र कधी मिटायचा नाही, तसा नियमच होता.

बाई सरळ होऊन बसल्या. चिलट कधी सुरू झालं होतं? पहिल्या 'टक'नंतर. त्याआधी सकाळभर चिलट नव्हतं.

त्यांनी ते दीड मिनिट लावलं, जिथे आजीही होती आणि चिलटही. आजी थांबली की चिलट थांबे. आजी खोकली की चिलट खोके.

 त्यांनी बाकी सगळे माईक बंद केले, मॅडमचा आवाज होता नव्हता तेवढा चढवला आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. ज्याला कमी ऐकू येतं तो कानातला आवाज किती मोठा ठेवत असेल? बाहेर सांडेल एवढा. समोरच्या माईकने टिपून घ्यावा एवढा.

पत्र्याच्या डबीतून यावा तसा, मुंगीएवढा, पण माणसाचा आवाज. "...पाटी तर होती की. लाल. मी तिच्याकडे बघूनच कपडे मोजायची..."

५

दादा कोर्टामागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला होता. बाईंनी ते चकचकीत टोपण त्याच्या शेजारी ठेवलं.

"तुझे कान तू मॅडमना दिलेस," त्या म्हणाल्या.

दादाने ते उचलून बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "त्यांनी मागितले नव्हते. मीच छोटा इयरफोन आणला, वायर चटईखालून नेली. यंत्रातलं हेडफोनचं भोक एकच. त्यांची पिन तिथे, माझी खिशात."

"पण सोमवारी..."

"हेडफोनच्या भोकात सगळ्या माईकचे आवाज एकत्र येतात. सोमवारी आजी त्यात बुडून जायची. सात वेळा पुन्हा विचारलं मॅडमनी. आजीचा घसा बघवेना गं. म्हणून त्यांची पिन काढून थेट आजीच्या माईकच्या भोकात घातली. तिथून आवाज कितीतरी मोठा जातो. अर्धी! पहिल्या 'टक'वर थांबलो मी, आईची शपथ." त्याने हात पसरले. "हेडफोनचं भोक मोकळं झालं होतं. माझी पिन तिथे घालायची, बस्स. पण दोन महिन्यांची सवय. खिशातच राहिली. मी नोंदवही लिहीत बसलो. ऐकत असतो तर पहिल्याच मिनिटाला हात वर केला असता."

"मग सांगत का नाहीस?"

"काय सांगू? न्यायाधीशांना ऐकू येत नाही, हे? उद्या त्यांना उचलून कुठल्या तरी कागदांच्या खोलीत बसवतील. हे यंत्र कुणी आणलं ह्या कोर्टात? आजीसारख्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत राहावं, कुणी त्याची इस्त्री करू नये, म्हणून मॅडम चार वर्षं भांडल्या. आणि मी त्यांनाच..." त्याने मान फिरवली. "माझं काय, मी म्हातारा झालो."

"मिस्त्री नाही झाला. त्याची पोर पाच वर्षांची आहे."

दादाने टोपण मुठीत घट्ट धरलं.

"पिन पूर्ण कुणी दाबली, दादा?"

"देवच जाणे. मी रात्रंदिवस तोच विचार करतोय."

बाईंनी आपल्या बोटाकडे बघितलं. ड्रॉवरमधे चेमटलेलं बोट अजून निळं होतं. त्या हळूच हसल्या, आठवड्यात पहिल्यांदा.

"देव नाही," त्या म्हणाल्या. "दुसराच कुणीतरी आहे, ज्याला अर्धवट काही बघवत नाही."

६

शुक्रवारी अकराला तीन नंबरच्या कोर्टात बसायला जागा नव्हती. मिस्त्री कोपऱ्यात हात बांधून उभा. पहिल्या बाकावर, गळ्याला पांढरी पट्टी बांधलेली इस्त्रीवाली आजी. भाचीचा हात धरून आली होती, डॉक्टरांशी खुणांनीच भांडून. दादा यंत्रामागे. वहिनी मागच्या दारात, रफू केलेल्या शर्टाच्या पाठीकडे बघत.

अधीक्षकांनी अहवाल वाचायला घेतला, तोच उतारेबाई उठल्या. "मॅडम, खुलासा मी देते."

त्यांनी यंत्र लावलं. आधी ते दीड मिनिट, नुसती आजी. मग तेच दीड मिनिट, नुसतं चिलट. खोकल्याला खोकला, श्वासाला श्वास. लोक पुढे वाकून ऐकायला लागले. मग बाई म्हणाल्या, "आता ती अकरा मिनिटं."

पत्र्याच्या डबीतली आजी बोलायला लागली. "पाटी लाल होती. दुपारी व्यवस्थापकसाहेब आले, म्हणाले, वरच्या मजल्याला पाहुणे यायचेत, जिने कोण चढणार. पाटी काढली, माझ्या इस्त्रीच्या कपड्यांखाली सरकवली. म्हणाले, आजी, तू काही बघितलं नाहीस. मी म्हटलं, बघितलं की."

मिस्त्रीने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. आणि आजी, जिला आता कधीच बोलता येणार नव्हतं, ती डोळे मिटून स्वतःचा आवाज ऐकत होती. संपल्यावर मिस्त्रीच्या वकिलाने विचारलं, "आजी, हे तुम्हीच बोललात?" आजीने मान हलवली. मग पुरेसं वाटलं नाही म्हणून परत हलवली, जोरात, गळ्याची पट्टी धरून.

बाईंनी मग तीन 'टक' समजावले. पहिला कुणाचा ते दादाने उभं राहून कबूल केलं. दुसऱ्याशी आल्यावर बाई थांबल्या. "पुकारेकाका, सोमवारी त्या टेबलावर काही अर्धवट दिसलं होतं का?"

काकांचा चेहरा उतरला. "एक पिन. निम्मी बाहेर. म्हटलं पडेल, नीट बसवली." आणि मग त्यांना उमजलं. "अरे देवा. आणि पाणी नेताना पाय अडकला, तेव्हा..."

"तेव्हा ती परत निम्मी बाहेर आली. तुमच्यामुळे गेली आणि तुमच्यामुळेच परत आली, काका. थेंब न सांडता."

कोर्टात हसू फुटलं. वहिनींनी मागे दाराची चौकट धरली. अधीक्षकांनी निलंबनाचा कागद फायलीत उलटा ठेवला. सगळं आटोपलं असं वाटत असतानाच सोनेरी चष्मा उभा राहिला.

"माझी एकच शंका. हा आवाज इयरफोनमधून बाहेर सांडला म्हणता. कुणाच्या कानातला इयरफोन? तो कान कुणाचा ते नोंदीत आल्याशिवाय हा आवाज पुरावा कसा व्हावा? उद्या वरचं कोर्ट हेच विचारेल."

हसू जिथल्या तिथे थिजलं. पट्टीने कोऱ्या कागदावर रेघ मारायला घेतली, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिची रेघ वाकडी गेलेली बघितली. पुकारेकाका एक सरळ असलेली खुर्ची सरळ करू लागले. उतारेबाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. एवढं सगळं शोधून काढलं होतं, पण ते एक वाक्य त्यांच्याही जिभेवर येईना.

"माझ्या," दादा म्हणाला. "माझ्या कानातला होता."

"तुमचं टेबल त्या माईकपासून वीस फुटांवर आहे," वकील हळूच म्हणाला. त्यालाही जिंकल्याचा आनंद दिसत नव्हता.

वर मॅडम सगळ्यांच्या ओठांकडे बघत होत्या, एकेकाच्या, सावकाश. मग त्यांनी दोन्ही हातांनी केस मागे घेतले, ड्रॉवरमधून रबरबँड काढला आणि पूर्वीसारखा घट्ट अंबाडा बांधला. उजव्या कानातला इयरफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. चिलट टेबलावर गुणगुणू लागलं.

दादाचा हात यंत्राकडे गेला, बंद करायला. मॅडमनी मान हलवली. लाल दिवा चालूच राहिला. त्या कधीही न मिटणाऱ्या माईकजवळ वाकल्या.

"नोंद घ्या," त्या म्हणाल्या. "तो कान माझा. दोन वर्षं झाली, मला नीट ऐकू येत नाही. आता सगळे बसा, आणि इथून पुढे माझ्याशी जरा मोठ्याने बोला."